तळ्याला दिलेली सून: जुन्या गाण्यावरून नवी कथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्याला दिलेल्या सुनेच्या जुन्या गाण्यावरून लिहिलेली माझी कथा एका दिवाळी अंकात आली तेव्हापासून फोन अन् मेसेज सुरू आहेत. बहुतेक नवीन लिहिणारी पोरंपोरी, काही मास्तर लोक, दोन-तीन नाटकवाले. प्रश्न तेच ते असतात आणि व्हॉइस नोट पाठवून पाठवून मी दमली, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडची, धानाच्या पट्ट्यातली, त्यामुळे उदाहरणं तलाव, बोडी (छोटा तलाव) अन् बांधी (धानाचं शेत) यांचीच येतील. प्रश्नांना नंबर टाकले आहेत. उत्तरात दुसरा नंबर दिसला तर तिकडे जाऊन वाचा, तेच परत सांगत बसणार नाही.

१. हे गाणं नेमकं कोणतं? मी तर कधी ऐकलंच नाही.

नावानं ओळखत नसाल, गोष्ट सांगितली की ओळखाल. गावचा मोठा माणूस तलाव खोदतो, पाणी थांबत नाही. जोशाला विचारतात, जोशी म्हणतो बळी पाहिजे, तोही घरातलाच. मोठी सून नको, धाकटी चालते. तिचा नवरा तेव्हा गावात नाही. तिला पूजेच्या नावानं तळ्यात उतरवतात आणि पाणी चढत जाते, आधी पाऊल, मग गुडघा, कंबर, गळा. नवरा परत येतो तेव्हा तळं भरलेलं असते.

सगळ्यात नीट बांधलेलं रूप मला कन्नडमधलं वाटते. 'केरेगे हार' म्हणतात त्याला, केरे म्हणजे तळं आणि हार म्हणजे आहुती. त्यात कल्लनकेरीचा मल्लनगौडा तळं बांधतो, ओंजळभर पाणी लागत नाही. आधी मोठ्या सुनेचं नाव निघते, पण ती गेली तर मोठं घर कोण सांभाळेल, म्हणून धाकट्या भागीरथीवर येऊन थांबते. भागीरथीला कळते. ती माहेरी जाते, आईबापाला खरं सांगत नाही, म्हणते सासरचे मला वेगळं काढून राहिले. बाप शेतीवाडी द्यायला तयार होतो. खरं ती फक्त मैत्रिणीला सांगते. मग पूजा होते, सगळे वर येतात, सोन्याची वाटी खाली राहते, आणि ती आणायला तिलाच पाठवतात.

माझी मावशी रोवणीत, म्हणजे धान लावताना, जे म्हणायची त्यात एकही नाव नव्हतं, नुसती 'धाकली'. पाणी गळ्याला आलं की मावशी थांबायची. आम्ही विचारायचो, मंग काय झालं वं मावशी? ती म्हणायची पुढचं नाही म्हणत, अन् पुढची पेंडी उचलायची.

२. याला पोवाडा म्हणायचं का?

नको. पोवाडा शाहिराचा, डफ-तुणतुण्याचा, बहुतेक पराक्रमाचा. हाती असलेल्यांपैकी सगळ्यात जुन्यांत अफझलखानाच्या वधाचा पोवाडा येतो, तो अज्ञानदासाच्या नावानं आहे. आपलं गाणं बायकांचं आहे, जात्यावरचं, रोवणीतलं, कवीचं नाव नसलेलं. कथागीत म्हणा, बस. खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी पोवाड्यावरून लिहिणाऱ्यालाही लागू पडतात, फक्त पोवाड्यातली माणसं इतिहासातली असतात, तिथं तारखा अन् वंशज दोन्ही सांभाळावे लागतात.

३. हे आपलंच गाणं आहे का? एक जण म्हणाला युरोपातून आलं.

कुठून आलं यावर भांडण्यात मला रस नाही, पण किती ठिकाणी आहे ते माहीत असलं पाहिजे, कारण लिहिताना सगळ्यात जास्त मदत त्याचीच होते.

गुजरातेत वढवाणला माधा वाव नावाची पायऱ्यांची विहीर आहे, तेराव्या शतकातली. तिच्या गाण्यात बारा वर्षं पाणी लागत नाही अन् मुलगा-सून दोघं जोडीनं उतरतात. संथाळांकडे सात भाऊ आणि एक बहीण आहे, तिथं सूनच नाही, बहिणीलाच देतात अन् तिच्या केसांचं पुढं गवत होते.

युरोपात पाण्याच्या जागी भिंत येते. सर्बियाच्या गाण्यात तीन भाऊ स्कादरचा किल्ला बांधतात, दिवसा बांधलेलं रात्री पडते. उद्या ज्याची बायको जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणायचं असं ठरते, घरी कोणी सांगायचं नाही अशी शपथ होते. थोरले दोघं आपापल्या बायकोला सांगून देतात, धाकटा गोयको शब्द पाळतो, म्हणून त्याची बायको येते. ती म्हणते भिंतीत छातीपुढं फट ठेवा, लेकराला दूध पाजायचं आहे. वुक कराजिचनं हे गाणं गोळा केलं अन् याकोब ग्रिमनं जर्मनमध्ये नेलं. रोमानियात मनोले नावाचा मिस्त्री स्वतःच देवाला सांगतो, पाऊस पाड, वारा सोड, बायकोला वाटेतच अडव. ती तरी जेवण घेऊन येतेच. ग्रीसमध्ये आर्ताच्या पुलावर पंचेचाळीस मिस्त्री अन् साठ हाताखालचे, आणि मुख्य मिस्त्रीच्या बायकोला 'अंगठी खाली पडली, काढून दे' म्हणून उतरवतात. आपली सोन्याची वाटी अन् त्यांची अंगठी, पाहा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कुठं आर्ता अन् कुठं कर्नाटक, पण बाईला खाली पाठवायचं निमित्त तेच, राहिलेली वस्तू घेऊन ये.

आणि आपल्याकडे? नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात, त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, अन् तलावाच्या बांधकामात त्या बहिणींचं रक्त-हाडं मिसळलं अशी आख्यायिका आहे. गोष्टीचं बी आपल्या मातीत आहेच. (इथं नावं वापरायची का, ते प्रश्न १२ मध्ये.)

४. इतक्या लोकांनी सांगून झालं, मग मी काहून सांगू?

कारण गाणं पुष्कळ गोष्टी सांगतच नाही. भागीरथीच्या मैत्रिणीला सगळं माहीत होतं, ती रात्री जेवली का? मोठी जाऊ, जिचं नाव आधी निघालं अन् मग सुटलं, ती पूजेला होती, ती वर चढताना मागं पाहते का? जोशाला दक्षिणा किती भेटली? खोदणाऱ्या मजुरांची मजुरी थकली होती का?

मावशी गळ्यापाशी थांबायची, तिथंच मला माझी कथा सापडली. तुमची दुसरीकडं असेल. गाणं जे सांगते तेच जर चांगल्या भाषेत परत सांगायचं असेल तर खरंच नका लिहू, गाणं तुमच्यापेक्षा चांगलं सांगते आणि कमी शब्दांत सांगते.

५. सुरुवात कुठून करू? मी दोन पानं लिहितो अन् अडकतो.

दोन पानं तलावाच्या वर्णनाची असतील, पैज लावते. मला येणाऱ्या दहातल्या आठ कथा 'फार फार वर्षांपूर्वी एका गावात दुष्काळ' अशा सुरू होतात.

एक वस्तू घ्या. सोन्याची वाटी घ्या. कोणाची होती, कोणी खाली ठेवली, चुकून राहिली की ठेवून दिली? ठेवून दिली तर कोणाच्या हातानं? त्या हातापासून सुरू करा. सासऱ्यानं हुकूम दिला असेल, पण वाटी पायरीवर ठेवणारा हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे, कदाचित नणंदेचा, सोळा वर्षांच्या पोरीचा, जिला सांगितलं होतं ठेवून ये अन् काही विचारू नको. तुमच्या घरी सोनं पटत नसेल तर पितळेचा गडवा करा. आमच्याकडं सोन्याची वाटी कोणाकडं होती बापा, गडवाच होता.

६. कॉपीराईटचं काय? कोणी केस तर नाही करणार?

गाणं परंपरेतलं आहे, त्याचा मालक कोणी नाही. कल्पना, विषय, गोष्टीचा सांगाडा यावरही कॉपीराईट नसतो, तो असतो मांडणीवर. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. नाटककाराचं म्हणणं होतं सिनेमावाल्यानं माझं नाटक उचललं, कोर्ट म्हणालं विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, नाटककार हरला.

पण 'लोकगीत आहे' म्हणून छापलेलं सगळं फुकट असं नाही. कोणी गाणं गोळा करून त्याचा मराठी अनुवाद केला असेल तर तो अनुवाद त्याचा आहे. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो, अन् ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. म्हणजे कोणी १९७० साली गेला असेल तर २०३० संपेपर्यंत. अनुवाद वाचा, गोष्ट घ्या, त्याच्या ओळी घेऊ नका. ओळींचं प्रश्न ९ मध्ये.

७. आजीनं म्हटलेलं मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलं आहे. ते जसंच्या तसं कथेत टाकू?

आजीला विचारलं का आधी? हसू नका, बरेच जण विचारतच नाहीत. गाणं सगळ्यांचं असलं तरी तिनं म्हटलेलं तिचं आहे. कायद्यातही सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, ५० वर्षांचा. आणि कायदा सोडा, तिला काही ओळी चारचौघात म्हणायच्या नसतील, काहींमध्ये घरच्या माणसांना टोमणे असतात, ते तिनं तुमच्यासाठी म्हटलेले असतात, अंकासाठी नाही. विचारा, नाव टाकायचं का तेही विचारा, अन् मानधन भेटलं तर तिच्यासाठी लुगडं घ्या.

रेकॉर्डिंग मात्र करून ठेवाच. हेमा राईरकर अन् गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, कारण कोणीतरी बसून ऐकलं. आमच्या मावशीचं एकही रेकॉर्डिंग नाही. तेव्हा कॅसेटचा टेप घरात होता, त्याच्यावर आम्ही सिनेमाची गाणी भरली.

८. झाडीबोलीत लिहू की शुद्ध मराठीत? वऱ्हाडी चालते का?

आधी तुमची बोली कोणती ते पक्कं करा, आमच्या पूर्व विदर्भाची ती झाडीबोली, अकोल्याकडची ती वऱ्हाडी, कारण बाहेरचे लोक नागपूरच्या पुढं सगळं 'वऱ्हाडी' म्हणतात अन् आपणही तसंच लिहून देतो. वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया. झाडीबोलीत ळ चा र होतो, काळा म्हणजे कारा. ण दोन्हीकडं नाहीच, पाणी म्हणजे पानी. गोंदियाच्या म्हातारीच्या तोंडी अकोल्याची भाषा टाकली की इथला वाचक दुसऱ्याच ओळीला अंक बाजूला ठेवते.

मी निवेदन साध्या मराठीत ठेवते आणि बोलणं बोलीत. पूर्ण कथा बोलीत लिहिणारे आहेत, जमत असेल तर जरूर लिहा. फक्त एक करू नका. सासरा, जोशी शुद्ध बोलतात अन् धाकटी तेवढी गावरान बोलते, असं पुष्कळ कथांत दिसते. एकाच घरातली माणसं आहेत ती! बोली हसवायला वापरली की तळ्यापाशी आल्यावर वाचक रडत नाही.

९. गाण्याच्या ओळी मधे मधे टाकल्या तर छान दिसेल ना?

दिसते छान, पण दर पानावर आल्या की वाचक त्या सोडून पुढं जाते, मीही तेच करते. पूर्ण कथेत दोन-तीन ठिकाणी पुरे. आणि स्वतः रचा. ओवीचा घाट कानात असला की जमते. माझ्या कथेसाठी मी रचलेली एक:

पयली पायरी उतरे, पानी आलं पैंजनाले
कोनी सांगा जाऊन दूर गेल्या साजनाले

फार थोर नाही, पण धाकलीच्या तोंडी बसते. पैंजनाले असं का लिहिलं ते वरच्या उत्तरात आलं. ओवी रचल्यावर म्हणून पाहा, जीभ अडली तर शब्द बदला. अन् स्वतः रचलेली ओवी 'पारंपरिक' म्हणून छापू नका, पुढचा कोणी खरी समजून उचलते, मग प्रश्न १४ सारखा घोळ होते.

१०. शेवट बदलू का? मला तिला वाचवायचं आहे.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं लांब उत्तर देते.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी तिला वाचवलं होतं. नवरा घोड्यावरून वेळेवर येतो, जोशाला हाकलतो, दोघं गाव सोडून जातात. लिहून झाल्यावर तीन दिवस मी हवेत होती. मग शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्या सुपातले खडे निवडत ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, मंग तलावात पानी कोठून आलं? माझ्याकडं उत्तर नव्हतं. धाकली वाचली होती पण तलाव मी विसरूनच गेली होती, अन् तलावाखालची धानाची बांधी, ती खाणारी दोनशे तोंडं, सगळंच. गाण्यात जी किंमत आहे ती मी कोणाकडूनच वसूल केली नव्हती.

म्हणजे वाचवायचं नाही असं नाही. वाचवा, पण मग बिल कोणाच्या नावानं फाटते ते दाखवा. ती वाचली अन् गाव उठलं, लोक पोट भरायला दुसरीकडं गेले, जाताना तिच्या दाराकडं पाहत गेले, ही कथा होते. ती पळाली अन् मग मोठ्या जावेला उतरवलं, हीसुद्धा होते, अन् भयंकर होते.

माझ्या कथेचा शेवट मला वेगळ्याच जागी सापडला. एका पाटकऱ्याशी, म्हणजे तलावाचं पाणी बांध्यांना सोडणाऱ्या म्हाताऱ्याशी, बोलत होती. तो म्हणाला नवीन तलाव पहिल्या-दुसऱ्या पावसात पाणी धरतच नाही, तळातून पिऊन जाते, मग गाळ बसते, भोकं बुजतात अन् आपोआप थांबते. मी सुन्न झाली. म्हणजे धाकलीला दिलं नसतं तरी दोन-तीन पावसाळ्यांत पाणी थांबलंच असतं. माझ्या कथेत हे सासऱ्याला कळते, म्हातारपणी, दुसऱ्या गावचा नवा तलाव पाहायला गेल्यावर. मी तिला वाचवलं नाही, पण त्याला ते माहीत असलेलं जगायला लावलं.

११. तलाव, पाळ याची किती माहिती लागते? मी पुण्यात राहतो.

थोडी लागतेच, नाहीतर लोक 'धरण' लिहून देतात. आपल्याकडं छोटी ती बोडी, मोठा तो तलाव, मातीचा बांध ती पाळ, जास्तीचं पाणी जाते तो सांडवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाची पद्धत, १९५० च्या कायद्यानं गेली अन् तलाव सरकारकडं आले, तेव्हापासून 'माजी' लागलं. ('मामाचा तलाव' असं छापलेलं मी पाहिलं आहे. मामा कोणाचा नाही.)

पाणी न थांबण्याची खरी कारणं कथेत फार कामाची आहेत. पाळीखालचं गवत-माती खरवडून न काढता वर नुसती माती टाकली तर दोन थरांमधून पाणी वाट काढते. पाळीच्या पोटात चिकणमातीचा गाभा कडक थरापर्यंत नेला नाही तर खालून झिरपते, झिरपताना मातीचे कण सोबत नेते, भोक मोठं होत जाते अन् एक दिवस पाळ बसते. झाडाचं मूळ सडलं की त्याची नळी होते. खेकड्यांची बिळं तर आहेतच. आता विचार करा, गावात एक म्हातारा खोदणारा आहे ज्याला हे सगळं माहीत आहे, तो सांगून राहिला पाळ परत उकरा, पण त्याला दोन महिने अन् शंभर माणसं लागतात. जोशाचा उपाय एका सकाळचा आहे. मालक कोणाचं ऐकेल?

१२. आमच्या गावच्या तलावाचीही अशीच गोष्ट सांगतात. गावाचं अन् घराण्याचं नाव टाकू?

गावाचं नाव बदला, घराण्याचं टाकूच नका. आख्यायिका म्हणून लोक सांगतात तोवर ठीक, तुम्ही आडनावासकट छापलं की त्या आडनावाची पोरगी शाळेत जाते हे लक्षात ठेवा. जातीचंही तेच. आपल्याकडचे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं आहे, ते कसबासाठी मोठं आहे, त्यांच्या माथी बळी मारू नका. लोकदेवतेचं नाव घ्यायचं असेल तर तिथल्या पूजाऱ्याशी, म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या, गोष्टीची त्यांची बाजू वेगळीच निघते कधी कधी.

१३. बळी दाखवला तर अंधश्रद्धा पसरवली असं कोणी म्हणेल का?

म्हणतात. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, नरबळी अन् अघोरी प्रथा करण्यावर आणि त्यांच्या प्रचारावर बंदी आहे. गोष्टीत घटना दाखवणं आणि तिचा प्रचार करणं यात फरक आहे, पण तो फरक तुमच्या लिखाणात दिसला पाहिजे. तळं भरल्यावर ढोल-ताशे, देवीचा प्रकाश अन् सासरा धन्य धन्य असं लिहिलं तर विचारणाऱ्याचा काय दोष? प्रश्न ११ मधला म्हातारा खोदणारा कथेत ठेवला की हा प्रश्न बराचसा सुटते.

१४. एका नव्या कथेत वाचलं की धाकटीला बाळ होतं. ते परंपरेतलं आहे की त्या लेखिकेचं? वापरू का?

हा खरा अवघड प्रश्न. जुनं गाणं कोणाचंच नाही, पण नव्या लेखकानं त्यात जोडलेलं त्याचं आहे. ओळखायची माझी पद्धत अशी, की ती गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जुन्या रूपांत सापडते का पाहायचं. तान्हं लेकरू सर्बियाच्या गाण्यात आहे, म्हणजे त्याचा मालक कोणी नाही. पण त्या लेखिकेनं बाळाला जे नाव दिलं, तिच्या कथेत ते मोठं होऊन पाटकरी होते, हे तिचं. ते घेऊ नका. फक्त एकाच नव्या पुस्तकात सापडत असेल तर तिचंच समजा.

उलटंही होते. तुम्हाला सुचलेली भारी कल्पना आधीच कोणीतरी लिहिलेली निघते. अल्बेनियाच्या इस्माईल कादरे यांची 'तीन कमानींचा पूल' म्हणून कादंबरी आहे, १९७८ ची, त्यात पुलात चिणलेल्या माणसाच्या खुनावर पांघरूण घालायला हे जुनं गाणंच वापरलं जाते. मला वाटत होतं, गाणंच पांघरूण असेल ही शंका फक्त माझ्याच डोक्यात आली! म्हणून लिहिणं नाही थांबवलं. कायद्याचं प्रश्न ६ मध्ये आलंच, अन् माझ्या कथेतला सासरा त्यांच्या पुलावर कधी गेला नव्हता.

१५. आजच्या काळात आणली तर? शेततळं, धरण वगैरे?

आणा. पण बऱ्याच शेततळ्यांत तळाला प्लास्टिक अंथरतात, पाणी झिरपायची भानगड राहत नाही, तिथं बळीचं कारण दुसरं शोधा. कर्जाची सही कोणाच्या नावानं झाली, असं काही. धरणाची कथा करायची तर वैनगंगेवरच्या गोसीखुर्दकडं पाहा, १९८८ ला भूमिपूजन झालेला प्रकल्प, पाण्याखाली गेलेली गावं, पुनर्वसनात वाढलेली पिढी. एक सून बुडायची ऐवजी अख्खं गाव बुडते, अन् जोश्याच्या जागी नकाशा घेऊन आलेला माणूस असते. फक्त तिथल्या लोकांशी बोलल्याशिवाय लिहू नका, ती माणसं जिवंत आहेत.

१६. नवऱ्याच्या बाजूनं लिहू का?

लिहिता येते, पण सोपं समजू नका. तो गावातच नाही, त्याला काहीच दिसत नाही, त्यामुळे कथा फक्त परतीच्या वाटेची होते. कन्नड गाण्यात तो घरी विचारते, तिथं सांगतात माहेरी गेली, माहेरी सांगतात मैत्रिणीकडं गेली, अन् खरं मैत्रीण सांगते. तीन दारं आहेत, तिसऱ्या दारापर्यंत वाचकाला अन् त्याला दोघांनाही कळलेलं असते पण विचारावं लागते. तो शेवटी त्याच तळ्यात उडी घेते. ती उडी ठेवायची की नाही ते प्रश्न १० वाचून ठरवा.

१७. झाडीपट्टीसाठी नाटक करायचं आहे.

करा, पण झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, रात्रभराचं नाटक असते, दिवाळीनंतर थंडीत लोक घोंगडी घेऊन बसतात, त्यांना गाणी, विनोदी पात्र सगळं लागते. एका बाईच्या मरणावर पहाटेपर्यंत खेचता येत नाही. जोशी अन् त्याचा चेला यांचा विनोद चालेल, अर्ध्या रात्रीनंतर तोच विनोद घाबरवायला लागला पाहिजे. पाणी चढताना दाखवायला निळं कापड वापरतात, चार माणसं धरून वर वर नेतात, स्वस्त अन् जबरदस्त दिसते.

कथा दुसऱ्याची असेल तर विचारून घ्या. माझ्या कथेवरून एका मंडळीनं प्रयोग केला तो मला गावातल्या पोट्ट्याकडून कळला. तिकीट काढून पाहून आली. गाळाचा शेवट कापून टाकला होता, नवरा घोड्यावरून वेळेवर आला.

१८. मग लिंगोच्या गाण्यावरूनही अशीच कथा लिहू का? तेही जुनं आहे, बऱ्याच जणांनी सांगितलं आहे.

इथं थांबा जरा. गोंडांच्या पहांदी पारी कुपार लिंगोची गाथा परधान लोक, म्हणजे गोंडांचे गाणारे, किंगरी या तंतुवाद्यावर गातात. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं ती परधानाकडून उतरवून घेतली होती, तो गेल्यावर १८६६ साली रिचर्ड टेंपलनं छापली. छापील आहे, जुनी आहे, कायद्यानं कोणी अडवणार नाही. पण धाकलीचं गाणं अन् हे गाणं एक नाही. धाकलीची कोणी पूजा करत नाही, तिच्यावरून कोणाचं गोत्र ठरत नाही. लिंगो आजही लोकांचा धर्म आहे, कुळं त्याच्यापासून मोजतात, आणि बाहेरच्यानं उतरवून घेताना काय काय बदललं यावर त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. तुम्ही त्या समाजातले असाल तर मला विचारायची गरज नाही. नसाल तर आधी एखाद्या परधान म्हाताऱ्यापाशी बसा, किंगरी ऐका, चहा प्या, अन् कथेचा विषय पहिल्या दिवशी काढू नका. एक पोरगा असा सहा महिने जात होता, परवा त्याचा फोन आला, म्हणे ताई कथा राहू द्या, मी किंगरी शिकून राहिलो.